सात नंबर सोड

एरवी त्या लाँड्रीत घोड्याचं नावही कुणी काढायचं नाही, पण मोठ्या शर्यतीचा दिवस उजाडला की सगळ्यांच्या अंगात घोडा शिरायचा. सकाळी सकाळी बादलीतून चिठ्ठ्या काढायच्या, वाट्याला येईल तो नंबर छातीवर चिकटवायचा आणि दिवसभर हाका त्याच नंबराने. "ए चार, चहा घेतलास का?" "चार लंगडतोय, त्याला चहा नको, मालिश द्या!" ज्याचा घोडा जिंकेल त्याला दुसऱ्या दिवशी सुटी. मग काय विचारता, जो तो आपलंच घोडं पुढे दामटणार!

वहिनीला हा दिवस डोळ्यांसमोर नको असायचा. तिचा धाकटा दीर तिथला यंत्रदुरुस्तीवाला, म्हणून सगळी लाँड्रीच तिला वहिनी म्हणायची. नवरा गेला तेव्हा दिरानेच शब्द टाकून तिला बटणांवर बसवलं होतं. अकरा वर्षं झाली त्याला. इस्पितळांच्या चादरी वाळवणारे नऊ ड्रम, त्यांची नऊ बटणं, आणि समोर ही एकटी.

आता यात गोम अशी, की तिच्या खुर्चीवरून ड्रमांची तोंडं दिसायची नाहीत. दार उघडं असताना ड्रम फिरू नये म्हणून एक कळ होती, ती वहिनी आली त्याच वर्षी बिघडली, आणि मालक "बघू, बघू" म्हणत बसले. त्यांच्या बघण्याला आग लागो! तेव्हापासून आवाजावरच सगळं चालायचं. अडकलेली चादर काढायला जो आत उतरला असेल त्यानेच बाहेर येऊन ओरडायचं, "पाच, सोड!" मग वहिनीने पाचाचं बटण दाबायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर ती हलायची नाही.

त्या दिवशी दिराला सात नंबरचा घोडा आला आणि दुपारी सातव्याच ड्रममध्ये चादर अडकली. वहिनीने त्याला हटकलं.

"भाऊजी, शर्यत होऊ द्या, मग उतरा."

"इस्पितळाची संध्याकाळची गाडी चुकली तर मुकादम मलाच पिळून वाळत घालतील. रेडिओ मोठा ठेवा म्हणजे झालं, आतून ऐकतो मी. आज घोडाही सात नि ड्रमही सात, वहिनी! उद्याची सुटी आपलीच."

"गप्प बसा. मला हे बरं वाटत नाही."

"तुम्हाला कधी काय बरं वाटलंय?" असं म्हणत, हसत हसत तो गेलासुद्धा.

शर्यत सुटली. बाकीचे ड्रम गरगरतच होते, इस्पितळं काय घोड्यांसाठी थांबतात? रेडिओ कानठळ्या बसवत होता आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते. अर्ध्या शर्यतीत सात पुढे आला, तशी इस्त्रीवाली मावशी किंचाळली, "सोड रे लगाम! सोड, सात!" मग मुकादमही ओरडू लागला, "सात, सोड! सोड!"

वहिनी मनातल्या मनात करवादली. मेल्यांनो, ओरडायला दुसरे शब्द नाहीत का? हात शिवशिवला तसे तिने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. मावशीचा आवाज, मुकादमाचा आवाज, हे आपले नव्हेत. भाऊजींचाच आवाज ऐकायचा, तिने स्वतःला बजावलं. गलका वाढत गेला, पण ती जागची हलली नाही. जमतंय, असं तिला वाटलं. थोडकंच उरलं होतं. तिने श्वास सोडला आणि हात मांडीवर घेतले.

शेवटचं वळण. सात आणि दोन बरोबरीने धावत होते. रेडिओवरच्या माणसाचा घसा फाटायची वेळ आली होती, आणि तेवढ्यात त्या सगळ्या कल्लोळातून भाऊजींचा खणखणीत आवाज आला.

"सात, सोड! सोड!"

अकरा वर्षं याच आवाजाला तिचा हात उठत आला होता. हाताने तिला विचारलंच नाही. बटण खाली गेलं, ड्रम घरघरला, आणि मग तिला कळलं की तो आवाज घुमत आला होता. बाहेर उभ्या माणसाचा आवाज असा घुमत नाही. तो आतूनच, आपल्या घोड्याला ओरडत होता.

तिने बंद करायच्या लाल बटणावर हात आपटला. ड्रम थांबायला जेवढा वेळ घेतो तेवढा त्याने घेतलाच.

इकडे नुसता धिंगाणा. सात जिंकला होता! "कुठाय आमचा सात? उचला रे त्याला!" मावशी नाचत होती. "भाऊजी!" वहिनी ओरडली. "भाऊजी!" आनंदाने ओरडतेय असं वाटून लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या. मुकादम हसत हसत सातव्या ड्रमकडे निघाला. त्याला अडवावं म्हणून ती उठली, पण तो पुढे निघून गेला होता. खांब धरत धरत ती चार पावलं पुढे आली, तिथून ड्रमचं तोंड दिसत होतं.

"चला साहेब, सुटी मिळाली!" म्हणत मुकादम वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग तो वळला आणि त्याने थेट वहिनीच्या हाताकडे पाहिलं.