आगारीचा मान

मंजुळाबाईंचा मुलगा वना मस्कतला नोकरीला होता. वडील वारले तेव्हा विमान कंपनीनं त्याचं विमान ऐनवेळी रद्द केलं आणि अग्नी पुतण्या आधारनं दिला. भाऊकी म्हणू लागली, पोरगा मुद्दाम आला नाही. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बापाच्या नावानं निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायचा मानही अग्नी देणाऱ्या आधारचाच. म्हणून मंजुळाबाईंनी जळगावच्या वकिलाकरवी विमान कंपनीवर दावा लावला. मागणी एकच, चूक आमची, वनाची नाही, एवढं कंपनीनं लिहून द्यावं.

आखाजीच्या तोंडावर भरपाईचा चेक आला. सोबत लिहिलं होतं, चूक मान्य नाही.

दीर झुलाल ओट्यावरून म्हणाले, "बापना पैसा भेटना ना वहिनी, आते आगारी कसाले जोयजे?"

आखाजीच्या दिवशी मंजुळाबाईंनी निखारे आणून आधारपुढे ठेवले. सणासाठी मस्कतहून आलेला वना दाराशीच उभा राहिला.