पेटीवाल्याचे हातमोजे

या, अशा पुढे येऊन बसा. भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. कुणा राजाची नाही की ऋषीची नाही. आपल्या टोकियोलगतच्या ग्योतोकुच्या गुणवंताची आहे. देवाच्या दारात लहानमोठं कुणी नसतं, म्हणून सांगते.

डिसेंबरातला रविवार. कामगारांच्या कपड्यांच्या दुकानात गुणवंत एकेक हातमोजा चढवून काउंटरवर बोटं चालवत होता. सा रे ग म, म ग रे सा. समोरचा विक्रेता अदबीनं वाट बघत उभा.

"अरे, लोक बघतायत," त्याची बायको दीप्ती दबक्या आवाजात म्हणाली. "हातमोजे घ्यायला आलोय आपण, बैठक करायला नाही."

"थांब गं. ह्याच्यात मध्यमच सापडत नाहीये."

पुण्यात तो कीर्तनाला पेटीची साथ करायचा. दीप्तीला टोकियोतल्या एका बँकेत कॉम्प्युटरचं काम मिळालं, तसा तोही मागोमाग आला. इथं पेटीवाल्याला कोण विचारतो? म्हणून त्यानं बाइतो धरला, म्हणजे तासांवरचं काम. दुकानांच्या, दवाखान्यांच्या काचा बाहेरून धुवायच्या. महिन्यातून एकदा मात्र शेजारच्या उरायासुच्या हॉलमध्ये सुलेखाताई कीर्तनाला उभ्या राहायच्या आणि गुणवंत पेटीवर बसायचा. त्या दोन तासांसाठी तो बाकीचा महिना काढायचा.

बरोबर काम करणाऱ्या सत्तरीच्या ओझाकी-साननी त्याला बजावलं होतं, आतून लोकरीचे जाड मोजे घे. एक नंबर मोठे घे. बोटांभोवती हवा राहिली तरच ऊब राहते. आणि मनगटाच्या वर लांब हवेत, हात उंचावला की पाणी आत उतरतं.

दीप्तीनं तसलीच जोडी उचलली. "हे घे. ओझाकी-सान काय उगाच सांगतात?"

"ह्यात बोटं माझी वाटतच नाहीत. गोधडीत गुंडाळल्यासारखी. वायपरचा रबर काचेला नीट टेकलाय का, ते कळायला नको?"

"वायपरचं निमित्त नको सांगूस मला. पेटीचं सांग."

तो हसला. "बोटांना एकदा का आंधळेपणाची सवय लागली ना, की सुटत नाही बघ."

आणि त्यानं पातळ, घट्ट जोडी घेतली. तिच्यात मध्यम सापडत होता.

जानेवारीत समुद्रावरून वारा सुटला. पावसात बर्फ मिसळून पडायला लागलं. काच पुसायला हात वर केला की पाणी मनगटावरून मोज्यात उतरायचं आणि दिवसभर तिथेच राहायचं. संध्याकाळी मोजे काढले की बोटं मेणासारखी पांढरी. एकदा ओझाकी-साननी ती बघितली. दुसऱ्या दिवशी आपली जाड जोडी आणून त्याच्या बादलीवर ठेवली. गुणवंतानं वाकून आभार मानले आणि म्हणाला, गणेशजयंतीचं कीर्तन झालं की घालीन.

घरी तो चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायचा.

"दुखतंय का रे फार?"

"छे. उलट आता थांबलंय दुखायचं."

दीप्तीला बरं वाटलं. तीच वाईट बातमी होती, हे दोघांनाही समजलं नाही.

गणेशजयंतीला हॉल भरला होता. नमन झालं. सुलेखाताईंनी वरचा सूर लावला आणि पेटीतून शेजारचा निघाला. पुन्हा तसंच. बोट कुठल्या पट्टीवर टेकलंय हे गुणवंताला आता नुसतं बघूनच कळत होतं.

"माझाच गळा घसरला हो आज," ताई श्रोत्यांकडे बघून हसल्या. "या असल्या हवेत कसला सूर लागतोय!"

मंडळी हसली. मी पहिल्या रांगेत होते, मला हसू आलं नाही. ताईंचा गळा स्वच्छ होता.

गुणवंतानं उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि बायकांच्या बाजूला बघितलं. "दीप्ती, इकडे ये."

"मी? अरे, मला गजराच्या चार ओळी वाजवता येतात फक्त!"

"तेवढ्या पुरेत. मी सांगतो ना."

ती पट्ट्यांपुढे बसली. तो सरकला, आणि त्यानं डावा तळवा भात्यावर ठेवला. भाता हलवायला बोटांची जाण लागत नाही. ताई आख्यानात शिरल्या, तसा हा तिच्या कानाशी पुटपुटत राहिला, "पंचम... आता मध्यम... धरून ठेव... सोड." कीर्तन आरतीपर्यंत पोचलं.

डॉक्टर म्हणाले, गारठ्यानं गेलेली बोटांची जाणीव परत यायला वर्ष लागेल. कदाचित येणारही नाही.

पुढच्या कीर्तनाला याल तेव्हा पेटी दीप्ती वाजवत असेल. तिला मनापासून टाळी द्या, ऑफिस सांभाळून शिकतेय ती. पण पेटीच्या मागच्या अंगाला एक हात भाता हलवत असतो, जराही न चुकता. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या हाताची आठवण ठेवा.