महादेवरावांचे दात आणि स्वीडनचा ससा

मागच्या वर्षी हिवरा आश्रमाजवळच्या शेतात रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या टणक गोळ्यांचं, जेवण होतं. तिथे व्याही अर्जुनरावांनी भर पंगतीत हाळी दिली, "व्याहीबुवांले खीर वाढा, रोडगा त्यायले झेपत नाही." वरचे समोरचे दोन दात तंबाखूपायी गेलेले महादेवराव खीर गिळून बसले. अपमान मात्र गिळवेना.

म्हणून यंदा त्यांनी चिखलीला जाऊन इम्प्लांट बसवून घेतले. हाडात टायटॅनियमचे स्क्रू आणि त्यावर नुसते दिसण्यापुरते तात्पुरते दात. डॉक्टर प्रतीक्षानं बजावलं, हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत तीन महिने कडक काही चावायचं नाही आणि तंबाखूचं नाव काढायचं नाही. धीर यावा म्हणून बिचारीनं इतिहासही सांगितला. पूर्वी लोकांनी शिंपले ठोकून पाहिले, हस्तिदंत पाहिला, सोनंही पाहिलं. धड काही टिकेना. मग स्वीडनच्या एका डॉक्टरानं हाडातलं रक्त कसं वाहतं ते बघायला सशाच्या पायात टायटॅनियम बसवलं, आणि काढायला गेला तर ते निघेचना! हाडानं त्याला घट्ट धरून टाकलं होतं.

झालं! महादेवरावांच्या डोक्यात पथ्य काही शिरलं नाही, ससा तेवढा शिरला. एसटी स्टँड असो की कटिंगचं दुकान, चार टाळकी दिसली की ससा सुरू. आणि सांगताना हात रिकामे कसे राहतील? तळहातावर तंबाखू मळणं चालूच. बायको सोजराबाईंनी टोकलं, तर म्हणाले, दात वर, तंबाखू खालच्या ओठात; वरच्या मजल्याचा खालच्याशी संबंध काय? असे हे विद्वान.

दुसऱ्याच महिन्यात रोडग्यांचं बोलावणं आलं. दात हलतायत हे जिभेला कळत होतं, पण जिभेला विचारतो कोण! पंगतीत सगळे रोडगा कुस्करून वरणात कालवत होते. महादेवरावांनी आख्खा उचलला, अर्जुनरावांना पुन्हा एकदा ससा ऐकवला आणि कचकन चावा घेतला.

रोडगा तोंडातून बाहेर आला तो दोन्ही दात घेऊनच, स्क्रूसकट. अर्जुनराव हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी मुकाट्यानं खिरीची वाटी पुढे सरकवली, आणि तेच जास्त झोंबलं.

"पण सशाचं तं निघतच नव्हतं," महादेवराव फटीतून पुटपुटले.

बायकांच्या पंगतीतून सोजराबाई म्हणाल्या, "त्या सशाले तंबाखूची सवय नसन."