लवादापुढची साक्ष

परंदवडीचा श्रीपती गराडे आठ वर्षं मुंबईच्या एका सॉलिसिटर कचेरीत परदेशी करारांची कलमं तपासत होता. दोन देशांतल्या कंपन्यांचं भांडण कोर्टाबाहेर, लवाद नेमून मिटवायचं, हे काम तेव्हा बड्या घरच्या वकिलांचं. सहासष्ट साली अशी पहिली केस त्याच्या एकट्याच्या हाती आली, तीही घराजवळची. मळवलीच्या नव्या कागद कारखान्यासाठी जर्मनीहून आलेलं यंत्र गंजलेलं निघालं होतं. श्रीपतीचे अशील असलेले कारखानदार म्हणत, पेट्या फुटूनच आल्या. जर्मन कंपनी म्हणे, त्या तुम्हीच भिजवल्या. केस हरली तर कारखाना उघडणार नव्हता. कामावर लागायची वाट पाहत साठ माणसं बसली होती. श्रीपतीचा थोरला भाऊ सोपान त्यांतलाच, हातातली गिरणीची नोकरी सोडून आलेला.

लवाद म्हणून नेमलेले वृद्ध इंग्रज न्यायाधीश जागा पाहायला आले आणि लोणावळ्याच्या एका हॉटेलात साक्षी सुरू झाल्या. मुंबईचा दुभाषा तापाने पडला. समोरचा वकील लंडनचा, त्याच्या बाजूला मराठी कळणारं कुणी नाही. दोघांच्या संमतीने भाषांतर श्रीपतीनेच करायचं ठरलं.

शेवटचा साक्षीदार बुधा. डोंगरातल्या वाडीवरचा हा म्हातारा कारखान्याच्या पगारावर मालधक्क्यावर पेट्यांची राखण करत असे. तो आपल्या बाजूनेच बोलेल, असं कारखान्याच्या मॅनेजरने छातीठोक सांगितलं होतं.

बुधा म्हणाला, "पेट्या आल्या तवा धड व्हत्या. मग तीन आठवडं पावसात पडल्या. ताडपत्री द्या म्हून मी दोनदा सांगितलं. कुनी दिली न्हाई."

मॅनेजर खिडकीबाहेर पाहत राहिला. दाराशी सोपान उभा होता. न्यायाधीश पेन उचलून थांबले होते. श्रीपतीने मान खाली घातली आणि इंग्रजीत सांगितलं, की पेट्या उतरवल्या तेव्हाच फुटलेल्या होत्या. लंडनच्या वकिलाने तोच प्रश्न फिरवून विचारला. बुधाने तेच सांगितलं, आणि श्रीपती पुन्हा खोटं बोलला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

टाइप केलेला कागद बुधापुढे आला. त्याच्या अंगठ्याला शाई लावली गेली. अंगठा कागदावर टेकायच्या आधी त्याने मान वर केली.

"वकीलसायेब, मी बोललो त्येच हाय न्हवं हितं?"

व्हय, एवढंच म्हणायचं होतं. पण ते खोटं उद्या उघडं पडलं असतं, तर अंगठा बुधाचा म्हणून दोषही त्याच्याच माथी आला असता. श्रीपतीने त्याचं मनगट धरलं.

"आबा, थांबा," तो म्हणाला. मग उभा राहून त्याने न्यायाधीशांना खरी साक्ष शब्दाला शब्द सांगितली, आणि आपण काय केलं तेही. मागे वळून पाहिलं तेव्हा सोपान दारात नव्हता.

निकाल विरुद्ध गेला. कचेरीने श्रीपतीला काढलं. त्याने कलकत्त्यापर्यंत अर्ज केले, पण झालेली गोष्ट त्याच्या आधी तिथे पोचलेली असे. वडगावच्या कोर्टात तो बांधाच्या केसेस लढवू लागला. सोपान गिरणीत बदली कामगार म्हणून परत गेला आणि पुढे त्याच्याशी बोलला नाही.

बुधाचीही राखण सुटली. ते कळल्यावर श्रीपती वाडीवर गेला. बुधाच्या दाराशी तो ओट्यावर बसला.

"तुमचं बी काम गेलं म्हनं," बुधा म्हणाला.

श्रीपतीने मान हलवली. बुधाने आतून पाणी आणून दिलं आणि तो शेजारी टेकला.