दक्षिणेची बाजू

वाघजाईच्या सड्यावरचं, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरचं, वनोद्यान अर्धं जळालं, तेव्हा गावात कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. वाटलं ते वनखात्याच्या माणसांना. सड्यावर गुरं चरत होती तोवर वणव्याला तिथं खायला काही उरत नसे. मग खात्यानं सड्याभोवती जांभ्या दगडाचा गडगा घातला, आत काजू, शिवण, खैर लावले, कातळाच्या टोकाला देवरूखहून सहलीला येणाऱ्या मंडळींसाठी दोन बाकं टाकली आणि चराई बंद केली. दोन पावसाळ्यांत रोपं गुडघ्याएवढी झाली आणि गवत कमरेएवढं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ते पेटलं.

त्या वर्षीचा पाऊस सरल्यावर लागवड अधिकारी नाचणकर मोटारसायकलवरून वरच्या वाडीत आले आणि गंगारामच्या पडवीत बसून म्हणाले, "मला तुमची गुरं पाहिजेत."

आतून गंगारामची बायको हौसा हसली. "गेल्या वर्षी ह्यांनीच आमची गुरं कोंडवाड्यात घातली. आता मागाय आलेत."

"घातली," नाचणकर म्हणाले. "तेव्हा मला वाटत होतं की गुरं नसली की झाडं जगतात."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. गडग्याच्या आतून, चारी बाजूंनी, चाळीस हात रुंदीचा पट्टा गुरांनी मुळापर्यंत खाऊन टाकायचा. गवतच नाही तर आग आत शिरणार कुठून? अटी दोन. राखणारा सतत गुरांबरोबर हवा, कारण पट्टा सोडून गुरं रोपांत गेली तर सगळं बंद. आणि शेळ्या अजिबात नकोत.

गंगारामनं होकार दिला. वाडीतल्या गुरांची पाळी तो बघत असे, त्यामुळे शब्द देणं त्याच्याकडेच होतं. साठेक गुरं एकत्र चरायला जात आणि रोज एक घर ती राखी. ज्याची आज पाळी, त्याची दुपारची भाकरी उद्या ज्याची पाळी त्या घरची. राखणाऱ्यानं दुपारी गुरं वाडीत आणून त्या घराच्या पडवीत बसून जेवायचं, तिथलंच पाणी प्यायचं, आणि उठताना उद्याची आठवण द्यायची. गंगारामच्या आज्याच्या वेळेपासून हे असंच चाललं होतं. एक दिवस कधी चुकला नव्हता.

पट्ट्याचं काम सुरू झालं आणि पाच-सहा दिवसांत काशीराम वर आला. तो बौद्धवाडीतला. मुंबईत गिरणीत होता. संपानंतर गिरणी चालू झाली, पण ह्याला परत घेतलं नाही. गावी येऊन त्यानं एक म्हैस आणि दोन गाई केल्या होत्या. बौद्धवाडी सड्याच्या दक्षिणेला, उताराखाली. काशीरामचा गोठा तर गडग्याला लागूनच होता.

"गंगारामदादा, पट्ट्याचं ऐकलं. चांगलं केलात," काशीराम म्हणाला. तो अंगणात उभा होता. गंगारामनं त्याला बस म्हटलं नाही, आणि आपण म्हटलं नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"मंग? काय काम काढलंस?"

"दक्षिणेच्या अंगाला तुमची गुरं येत नायत."

"उतार हाय तिकडं."

"उतारावर आमची गुरं रोज चरतात. एकाचाबी पाय मोडला नाय अजून."

"तर मंग तुमीच चारा ती बाजू."

"सगळ्या वाडीची मिळून दहा-अकरा गुरं. त्यांनी काय व्हनार? शिमगा आला तरी कोपरा नाय सरनार. आमची गुरं तुमच्यात घ्या, दादा. पाळीबी घ्या आमची. प्रत्येक घर आपला दिवस करील. माझा दिवस आला की तुमची गुरं मी राखीन, तुमच्यासारखीच."

गंगारामनं मनाशी दिवस मोजले. काशीरामचा दिवस मंगळवार धरला तर त्याला भाकरी बुधवारवाल्यानं द्यायची. कोणाच्या पडवीत तो बसणार? आणि सोमवारी वाडीतला कोणीतरी खाली काशीरामच्या पडवीत जाऊन जेवणार. दोन्ही वाड्यांची पोरं शाळेत एका बाकावर बसत होती. एसटीत माणसं मांडीला मांडी लावून देवरूखला जात होती. हे सगळं झालं होतं. भाकरीचं झालं नव्हतं, आणि त्याविषयी कधी कोणी तोंडही उघडलं नव्हतं.

"शिमग्याला ठरवू," तो म्हणाला. "चाकरमानी आले की बैठक हुईल."

"शिमग्याला गवत वाळून काडी झालेलं असंल."

"मी एकटा कसा ठरवू? रीत हाय."

काशीराम हसला. "गिरणीत मॅनेजरबी असंच बोलायचा. वर विचारून सांगतो. पाच वर्षं झाली, अजून विचारतोय."

तो गेल्यावर हौसा सूप घेऊन बाहेर आली. "गुरं घसरतात व्हय? आपली तांबी गाय कड्यावर चढून कारवी खाते."

"तू गप."

"मी गप्पच हाय. तांबीबी गप्प हाय."

पौषात नाचणकर पट्टा बघायला आले. गडग्याच्या कडेनं दोघं चालत निघाले. उत्तरेला, पूर्वेला, पश्चिमेला जमीन अशी साफ झाली होती की कातळाचा तांबडा रंग दिसत होता. रोपांना एकाही जनावरानं तोंड लावलं नव्हतं. नाचणकर खूष होते. मग दक्षिणेचा कोपरा आला आणि ते थांबले. पिवळं गवत त्यांच्या कमरेला लागत होतं.

"ही बाजू?"

"उतार हाय, साहेब. गुरं घसरतात."

नाचणकरांनी उताराकडे पाहिलं. उताराखालच्या घरांकडे पाहिलं. ते रत्नागिरीचेच होते. मग ते गंगारामकडे वळले.

"गंगारामजी," ते म्हणाले, "तीन बाजू केल्या आणि चौथी राहिली, तर तिन्ही फुकट. पुन्हा जळलं तर वरून हुकूम येईल. मग मी मोटारसायकल घेऊन येणार नाही. कोंडवाड्याची माणसं येतील."

"शिमग्यापर्यंत करतो."

शिमग्याला आठवडा होता. दुपारी खाऱ्या वाऱ्यानं जोर धरला आणि खालच्या वाटेवर कुठेतरी आग लागली. कोणाची विडी, कोणाची चूल, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चढावर आग धावतच वर येते. वरच्या वाडीत आधी धूर दिसला, मग गवत तडतडण्याचा आवाज आला. गंगाराम, वाडीतला बाबल्या आणि आणखी पाच-सहा जण ऐनाचे हिरवे डहाळे तोडून सड्यावर धावले.

त्या गवतापुढे डहाळ्यांचा काही उपयोग नव्हता. ज्वाळा माणसाच्या डोक्यावरून जात होत्या. आग गडग्याला अडली नाही, आत शिरली, आणि पाहता पाहता शिवणीच्या रांगा काळ्या झाल्या. उत्तरेच्या पट्ट्यापाशी मात्र ती आपोआप बसली. तिथं तिला काही मिळालं नाही. वरची वाडी वाचली.

गंगाराम तोवर गडग्याच्या कडेनं धावत दक्षिणेला उतरला होता. वाऱ्यानं उलटून खाली आलेल्या ठिणग्या काशीरामच्या गोठ्याच्या पेंढ्यावर पडल्या. काशीराम देवरूखला बाजाराला गेला होता. त्याची बायको कमला आत शिरून विळ्यानं दावी कापत होती. गाई सुटल्या. म्हैस गाभण होती, जड होती, आणि घाबरून उलट आतच रेटत होती. गंगारामनं कमलाला हाताला धरून बाहेर ओढलं आणि मग वासा पडला.

म्हैस कशीबशी बाहेर आली. पाठीची कातडी गेली होती. ती उभी राहिली, आणि तिच्या तोंडून जराही आवाज येत नव्हता. डोक्यावरून घागरी आणून बायका तिच्यावर पाणी ओतत होत्या. गंगारामचा घसा इतका सुकला होता की त्याला थुंकीही गिळवेना. शेजारच्या आनंदीबाईंनी तांब्या त्याच्यापुढे केला. तो घटाघटा प्यायला.

कमला त्याच्याकडे बघत होती. "चाललं का पाणी?" ती म्हणाली.

त्यानं तांब्या आनंदीबाईंच्या हातात परत दिला.

म्हैस तिसऱ्या दिवशी गेली.

शिमग्याला चाकरमानी आले. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, ढोल थांबले आणि रिवाजाप्रमाणे बैठक भरली. गंगारामचा धाकटा भाऊ सदू मुंबईत औषधांच्या कंपनीत होता. त्याला बोलता येत असे, आणि त्या दिवशी तोच आधी बोलला.

"साहेबानं विचारलंय, आग लागली कशी. सांगितलं नाय तर चराई बंद. आता ह्यात अवघड काय? खालच्या वाडीची भाजावळ चालू होती, शेतात पालापाचोळा जाळत होते. तिथून लागली. नाव देऊन टाकायचं आणि मोकळं व्हायचं."

"कुनाचं नाव?" बाबल्यानं विचारलं.

"ज्याचं घर जवळ त्याचं. काशीरामचं."

"त्याचीच म्हैस मेली," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हनूनच तर! आपल्याच हातानं झालं म्हनून तो गप बसंल."

आप्पा, गावकरांतले सगळ्यांत वडील, पान चघळत होते. त्यांनी मान हलवली. बऱ्याच माना हलल्या. गंगारामला कळलं की आता ढोल पुन्हा वाजतील, आणि ते वाजले की हे ठरलं.

तो उठला. "काशीरामची भाजावळ महाशिवरात्रीच्या आधीच झाली होती. राख पार गार होती. मी बघितलीय."

"बस रे दादा," सदू म्हणाला. "उगाच फाटे कशाला फोडतोस?"

"बसतो. पन ऐका. पावसाळा सरल्यावर काशीराम माझ्या अंगणात आला. आमची गुरं पाळीत घ्या, ती बाजू खाऊन टाकू, बोलला. मी त्याला शिमगा दाखवला. साहेबाला उतार दाखवला. उतार नव्हता. आपल्याला त्याच्या पडवीत भाकरी खायाची नव्हती आणि आपल्या पडवीत त्याला बसवायचं नव्हतं. बाकी काय नव्हतं."

सदू जमिनीकडे बघत होता.

"हे तू देवापुढं बोलतोस?" आप्पांनी विचारलं.

"देवापुढंच बोलायचं ना? साहेबापुढंबी हेच बोलनार हाय. नाव द्यायचं तर माझं द्या."

आप्पांनी पान बाजूला थुंकलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "मंग उद्यापासनं तुझी गुरं तू राख. पाळी बाबल्या बघंल."

ढोल वाजले. सदू त्या शिमग्याला भावाशी बोलला नाही आणि पालखी घरी येऊन गेली तशी मुंबईला गेला.

हौसानं ऐकून घेतलं. थोडा वेळ चुलीत फुंकत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं. साठ गुरांपेक्षा दोन बरी. रोज तुमाला भाकरी देनारी मीच, एवढंच काय ते."

मग तिनं पदरानं डोळे पुसले. धुरानं, म्हणाली.

नाचणकरांना गंगारामनं जे होतं ते सांगितलं. त्यांनी ते कसं लिहिलं ते त्यानं विचारलं नाही. चराई बंद झाली नाही, पण आणखी एकच वर्ष मिळालं. नवी रोपं लावली गेली. "दक्षिणेची बाजू कोण करणार, ते मला आधी सांगा," नाचणकर म्हणाले. गंगाराम म्हणाला, "मी." आणि मग खाली काशीरामकडे गेला.

काशीरामनं गोठ्यावर नवे वासे चढवले होते. म्हैस पुन्हा घेतली नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बैठकीत काय झालं ते त्याला आधीच कळलं होतं. शिमग्याच्या गोष्टी लपत नाहीत.

"तुमी खरं बोललात, ते बरं केलात," तो म्हणाला. "माझी म्हैस त्यानं येत नाय."

"नाय येत."

"तुमची दोन आणि आमची दहा. तुमाला हिशेब कळतो."

"कळतो."

"मंग या. पाऊस सरला की."

पाऊस सरल्यावर ते लागले. एक दिवस गंगाराम, एक दिवस काशीराम, असं न ठरवताच पडत गेलं, आणि बहुतेक दिवशी दोघंही असत, कारण गुरांच्यानं व्हायचं ते काम नव्हतं. गुरांच्या मागं राहिलेलं गवत ते विळ्यानं कापत. कमला आणि आनंदीबाई भारे बांधत. दिवाळी गेली तरी अर्धा पट्टा उभाच होता.

एके सकाळी वरच्या वाडीची गुरं पश्चिमेच्या पट्ट्यावर आली. पाळी बाबल्याची होती. तो गडग्यावर चढून ओरडला, "काय गंगारामदादा, नवी पाळी मानवली काय?"

"तुझ्यापरीस गवत जास्त हाय इथं!" गंगाराम ओरडला.

तेवढ्यात बाबल्याची दोन गुरं कोपरा ओलांडून दक्षिणेला वळली. पश्चिमेचं गवत खुरटलेलं होतं, इकडे कमरेएवढं. त्यांच्या मागोमाग आणखी सात-आठ आली. मग अर्धा कळप आला. बाबल्यानं काठी उचलली. तो वाडीकडे बघू लागला, नंतर ह्या दोघांकडे. मग गडग्यावरच बसला, काठी मांडीवर आडवी टाकून, वाडीकडे पाठ करून.

सूर्य डोक्यावर येईपर्यंत गुरं चरली. मग बाबल्यानं न बोलता ती वळवली आणि घेऊन गेला. मागं कातळ उघडा पडला होता, एका अंगणाएवढा.

काशीराम कंबरेवर हात ठेवून त्या तुकड्याकडे बघत राहिला. "उद्या पाळी कुनाची?"

"राहीची."

"ती सोडंल गुरं इकडं?"

गंगारामनं विचार केला. राहीचा नवरा मुंबईत सदूच्याच खोलीवर राहत होता. पण राहीची गाय नुकती व्यालेली होती आणि तिला चारा कमी पडत होता.

"काय सांगता येत नाय," तो म्हणाला.

वारा फिरायला लागला होता. काशीराम वाकला, मूठभर गवत धरलं आणि विळा लावला. गंगाराम त्याच्या पलीकडे, उताराच्या बाजूला, जाऊन बसला आणि त्यानंही कापायला सुरुवात केली.