तापलेली काच

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसून टाकलं. दुसऱ्याची लाज आपण मोबाईलवर टाइप करत बसायची म्हणजे कसंतरीच वाटतं. शेवटी भूषणदादालाच विचारलं. तो म्हणाला, "लिही. फक्त मला चांगला माणूस करू नको."

तर सोमवारची सकाळ. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा, पोरं मैदानात रांगेत, परिपाठ चालू. मी आणि भूषणदादा लिंबाखाली उभे. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सामान्य ज्ञान सुरू झालं. दीपमाला नावाची सातवीतली पोरगी माईकवर प्रश्न विचारत होती आणि सगळी शाळा एका सुरात उत्तर देत होती.

"आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहणारी नदी कोणती?"

"गोदावरी!"

"आपल्या गावच्या कोणत्या शास्त्रज्ञाने प्रकाशाने प्रकाश वळवणाऱ्या काचेचा शोध लावला?"

"डॉक्टर बुद्धभूषण अप्पाराव साळवे!"

आज तो शास्त्रज्ञ समोरच उभा, त्यामुळं पोरांनी जरा जास्तच ताकद लावली. भूषणदादा चपलेकडं बघत होता. भिंतीपलीकडं किचन शेडमध्ये तांदूळ धुण्याचा आवाज थांबला होता. तिथं त्याची आई, पुष्पामावशी, शाळेची खिचडी शिजवते. ह्या उत्तराला ती रोज हातातलं काम थांबवते. गावात सगळ्यांना माहीत आहे.

भूषणदादा पुण्याकडं एका संशोधन संस्थेत आहे. तो काय करतो ते गावात कुणालाच धड सांगता येत नाही. मला थोडंफार येतं, कारण मी फायबर जोडतो. घनसावंगीच्या एका केबलवाल्याकडं कामाला आहे. बारावी नापास, सगळं काम व्हिडिओ बघून शिकलो. मागं एका दिवाळीत त्याला विचारलं होतं, "दादा, केबल जास्त वाकवली की सिग्नल कामून मरतो?" दुसरा कोणी असता तर हसला असता. हा ओट्यावर बसला आणि ताट थंड होईपर्यंत सांगत राहिला. पाटात पाणी काठाला धरून चालतं, तसा प्रकाश काचेत चालतो. वळण फार आवळलं की काठ सोडून बाहेर पडतो. तेव्हापासून आम्ही दोस्त. तो त्रेचाळीसचा, मी पंचविशीतला, पण दोस्त.

त्याचं काम ह्याच्या पुढचं. तो काचेवर केसाहून बारीक वाटा कोरतो आणि त्यातून प्रकाश पळवतो. दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर मारा, आरपार निघून जातात, ह्याला त्याचा पत्ता नसतो. पण काही काचा अशा असतात की जोरदार प्रकाश शिरला की काचच जराशी बदलते. मग एक प्रकाश दुसऱ्याला वळवू शकतो. वीज नको, बटण नको. सगळं आयुष्य त्यानं अशी काच शोधण्यात घातलं. लग्न राहून गेलं. आणि एक काच सापडली, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जोरदार. त्यावरचा शोधनिबंध बाहेरच्या देशात छापून आला. वर्तमानपत्रात फोटो आला, फाट्यावर फ्लेक्स लागला, आणि रामराव सरांनी तो प्रश्न परिपाठात घातला.

आता आदल्या दिवसाचं सांगतो. रविवारी संध्याकाळी आम्ही पाटाच्या पुलावर बसलो होतो.

"भागवत," तो म्हणाला, "ती काच तशी न्हाईच रे."

"म्हंजे?"

"ती तापत व्हती. बस. दुसरं कायीच न्हाई."

लेझर इतक्या भराभर मारत होते की काचेला निवायला वेळच मिळत नव्हता. तापलेली काचसुद्धा प्रकाश वाकवते. पण ती करामत उष्णतेची, प्रकाशाची नाही. कामाची पण नाही, कारण तापायला आणि निवायला वेळ लागतो.

"उन्हाळ्यात डांबरीवर पाणी दिसतंय ना? तसलं पाणी पिऊन राह्यलो मी इतके वर्षं."

"मंग कळलं कसं?"

"अर्पिता म्हणून माझी विद्यार्थिनी हाये. तिनं लेझरपुढं खाचा पाडलेली फिरती चकती लावली. उजेड थांबून थांबून पडाय लागला, काचेला निवायला सवड भेटली. आन सगळं गायब. राह्यली साधी काच." त्यानं एक खडा पाटात टाकला. "पोरगी घाबरत घाबरत आल्ती माझ्याकडं. सर, माझंच कायतरी चुकतंय म्हणली. मी म्हणलो, व्हय, तुझंच चुकतंय, परत कर. सगळा उन्हाळा मी तिच्याकडून परत परत करून घेतलं. मला दिसत व्हतं, भागवत. पहिल्याच दिवशी दिसलं व्हतं."

"मंग तू काय केलं?" मी विचारलं.

"मंग मी सोता मापलं. शोधनिबंध मागं घेतला. जगाला लिहून कळवलं की आमचं चुकलं."

"मंग मिटलं की," मी म्हणलो. "इथं गावात कोणाला काय कळतंय? राहू दे ना ते उत्तर."

हे मी खरंच म्हणलो. मला वाटलं, त्याला बरं वाटेल.

"पोरं माझ्या नावानं खोटं पाठ करून राह्यलीत. उद्या जायच्या आधी शाळेत सांगून टाकतो."

"मावशीला सांगितलं का?"

तो कठड्यावरची माती नखानं खरवडत बसला. "सांगतो," म्हणाला.

तर सोमवारी पोरांचं उत्तर झालं आणि भूषणदादा सरळ माईककडं गेला. रामराव सर खूश. ते निवृत्तीला आलेत, चौथीत त्याला त्यांनीच शिकवलेलं. त्यांना वाटलं, डॉक्टर मार्गदर्शन करणार. त्यांनी टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या.

"पोरांनो," तो म्हणाला, "ते उत्तर चूक हाये."

टाळ्या तुटक तुटक थांबल्या.

"तशी काच मला सापडली असं वाटलं व्हतं. ती सापडलीच नव्हती. मी नीट मापलं न्हाई. गरम काचेला फसलो."

दीपमालानं हात वर केला. "सर, मंग पेपरात आलं तर काय लिव्हायचं?"

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच पाहिजे होतं.

"लिही, की त्यानं चूक केली. आन ती अर्पिता नावाच्या पोरीनं पकडली."

गेटपाशी बद्रीनाथ काका उभे होते, शाळा समितीचे. नातवाला सोडायला आलेले. ते तिथूनच ओरडले, "म्हंजे इतके वर्षं सरकारच्या खर्च्यानं नुसती काच तापवून राह्यलता का डॉक्टर? आमच्या चुलीवर फुकट तापवली असती की!"

मोठी पोरं हसली. दोघं मास्तर हसले. माझंही तोंड उघडलं होतं. लगेच मिटलं, पण भूषणदादानं तेवढ्यात बघितलं.

"बराबर हाये, काका," तो म्हणाला आणि माईक दीपमालाच्या हातात दिला. आवाज असा शांत, की मला वाटलं, माणूस असावा तर असा. एवढ्या लोकांत कोण बोलतं असं?

रामराव सरांनी त्याला बाजूला घेतलं. "अरे, आधी ऑफिसात येऊन मला सांगायचं. तुमच्या वस्तीवरची पोरं त्या उत्तराला सगळ्यात मोठ्यानं ओरडतात, माहितीये का तुला?"

"म्हणूनच, सर."

"म्हणूनच काय! आता तो प्रश्नच काढून टाकतो उद्यापासून. विषय संपला."

"काढू नका, सर. दुरुस्त करून ठेवा."

"चुकलेला प्रश्न परिपाठात कोण ठेवतं, बुद्धभूषण?"

सर तसेच ऑफिसकडं निघाले.

मग आम्ही किचन शेडकडं गेलो. पुष्पामावशी पातेल्यात उलथनं फिरवत होती. आमच्याकडं पाठ.

"माय," भूषणदादा दारातून म्हणाला.

"भागवत," मावशी मला म्हणाली, "ह्याला कुठंतरी चहा पाज. घरी दूध न्हाई."

घरी दूध होतं. सकाळी त्यांच्याकडं मीच चहा पिलो होतो.

"माय, ऐक ना."

"खिचडी लागंल खाली. सरक, उजेड येऊ दे."

तो मागं सरकला आणि नळाकडं निघून गेला. मी पण निघणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तुला ठावं व्हतं?"

मी चुलीकडं बघायला लागलो.

"व्हतं म्हन. तोंडावर दिसून राह्यलं." तिनं पातेल्यावर झाकण टाकलं. "चूक काय, व्हती माणसाची. माझ्या हातून बी मीठ जादा पडतंय कधी कधी. पण मला भोंग्यावरून कळावं का रे? पोरांच्या संगं? चार दिवस घरात व्हता. भाकर वाढली का समोर बसून खात व्हता. रोज इचारलं, भूषण, कामून गप हाये. कायी न्हाई माय, कायी न्हाई." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तो काका मला हसला असता तरी चाललं असतं. तो माझ्या लेकराला हसला, आन मला माहीतच न्हाई कामून हसून राह्यलाय."

मी नळापाशी गेलो. भूषणदादानं तोंड धुतलं होतं, पुसलं नव्हतं. मावशी बोलली ते सगळं त्याला जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"बराबर बोलती," तो म्हणाला. "बाहेरच्यांना एका दमात लिहून कळवलं. अर्पिताची सगळ्यांपुढं माफी मागितली. पण मायपुढं बसलो का तोंडच उघडंना. मंग म्हणलं, परिपाठात बोलू. भिंतीपलीकडून ऐकंल, आन होऊन जाईल."

"म्हंजे तू माईक मावशीला ऐकवायला धरला?"

"व्हय."

"पोरांसाठी न्हाई?"

"पोरांसाठी बी. पण आधी मायसाठी."

मघाशी जे मला धाडस वाटलं होतं, ते हे होतं. त्याच्याकडं बघवेना, मी नळाची तोटी उगाच आवळत बसलो.

फाट्यावर घनसावंगीची जीप हॉर्न देत होती. त्याला त्याच जीपनं जायचं होतं. बॅग माझ्या गाडीला अडकवलेली. त्यानं एकदा जीपकडं बघितलं, एकदा शेडकडं. धूर पत्र्याखालून बाहेर येत होता.

"खिचडी वाढून झाली का ती एकटीच राहती ना?"

"राहती. भांडे घासती."

"मंग तेव्हा जातो. तू आत येऊ नको."

"बरं."

"पण दारात थांब." तो अडखळला. "मी आत गेलो, आन तसाच परत आलो, काय बी न बोलता, आन तुला म्हणलो चल, जल्दी सोड मला फाट्यावर, तर..."

"तर काय?"

"तर सोडू नको."

मी गाडीवरची बॅग काढून माझ्या खांद्याला अडकवली.

"न्हाई सोडत," मी म्हणलो. "हात धरून परत आत घालीन, दादा. शब्द हाये माझा."