चाकांवरची बँक

लेक बकुळ झाल्यापासून नंदा बनारसात सिनेमाला म्हणून पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. तिकिटं नवऱ्यानं, मोहननं काढलेली. पण ऐन वेळी त्याला रेल्वेच्या ड्यूटीचं बोलावणं आलं, नि त्याच्या खुर्चीत सासूबाई येऊन बसल्या. पद्माबाईंनी जन्मात कीर्तनाखेरीज काही पाहिलं नव्हतं.

सिनेमा विलायती, घोडेस्वार डाकूंचा. भाषा दोघींनाही कळत नव्हती, पण त्यावाचून हसायचं अडत नव्हतं. डाकूला बँकेची तिजोरी काही केल्या फुटेना, तेव्हा पठ्ठ्यानं अख्खी बँकच पळवायचं ठरवलं. इमारतीखाली चाकं बसवली, पुढे घोडे जुंपले, आणि राखणीचा फौजदार आत घोरत पडलेला. नंदाला हसून हसून डोळ्यांना पदर लावावा लागला. अशी ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. आता पुढं काय होतं, एवढं पाहायला मिळालं की झालं.

बँक हलली, तोच पडद्यावर बार उडाला नि मांडीवरच्या बकुळनं टाहो फोडला. पदराखाली घेतली तरी पिईना. नंदा मुकाट्यानं उठली आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. तिथं पोर दुधाला लागली. आतून हशा ऐकू येत होता. गेला आपला सिनेमाचा शेवट, तिनं मनाशी म्हटलं.

मग हशा एकाएकी थांबला. शिट्ट्या झाल्या, त्याही विरल्या. दारावरचा माणूस हसतच बाहेर आला. माताजी, म्हणजे सासूबाई, थेट वर सिनेमाच्या मशीनच्या खोलीत चढल्या म्हणे, नि त्यांनी सून बाळाला पाजतेय तोवर थांबा म्हणून बजावलं.

"मैंने कहा, माताजी, ये मशीन है, कीर्तन वाले पंडितजी नहीं. बोलीं, पंडितजी रुक जाते हैं, तो मशीन को काहे की अकड़?"

मशीनवाल्यानं हात जोडले होते आणि खेळ थांबवला होता. लोकांना कारण कळलं तेव्हा मागून कुणीसं म्हणालं, पहले बिटिया पी ले. बनारसच ते, तिथं घाई कुणाला?

मागोमाग पद्माबाई आल्या. बकुळचं पोट भरलं होतं, पण डोळे टक्क उघडे. आत नेली की पुन्हा रडणार हे दिसतच होतं. सासूबाईंनी हात पुढे केले.

"आण इकडे. तू जा."

"आणि तुम्ही, आई?"

"मला ते घोडे सगळे सारखेच दिसतात. तू नीट बघून ये नि मला सांग. काही गाळू नकोस."

परतताना दोघी अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर टेकल्या. घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नव्हती; मानले असते तर सासूबाईंनी फटकारलंच असतं. मग नंदा सांगत सुटली. उतारावर बँक घोड्यांच्याही पुढं कशी धावली, डाकू छपरावर कसा बोंबलत होता, आणि ती थेट तुरुंगाच्या अंगणात जाऊन थांबल्यावर जाग्या झालेल्या फौजदारानं खिडकी उघडून त्यालाच, काय काम आहे, असं कसं विचारलं.

हसता हसता पद्माबाईंना ठसका लागला. त्यांनी डोळे पुसले.

"पुन्हा सांग गं. उतारापासून."

नंदानं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षाही लांबवून.